धर्मपीठाची प्रतिष्ठा आणि मुलाची साक्ष

२२ ऑक्टोबर २०१८ रोजी कॅनबेरा येथील संसदेत ऑस्ट्रेलियाचे तत्कालीन पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी राष्ट्राच्या वतीने जाहीर क्षमायाचना केली. ज्यांची क्षमा मागण्यात आली ते शाळा, अनाथालये, चर्च, वसतिगृहे आणि आश्रम यांसारख्या संस्थांत बालपणी लैंगिक अत्याचारांना बळी पडलेले नागरिक होते. त्यांपैकी अनेकांचे केस पिकले होते आणि काहींनी या दिवसाची वाट पाहता पाहताच जगाचा निरोप घेतला होता. लहानपणी जे सांगू पाहिले ते देशाने एकदा ऐकून घ्यावे, एवढ्यासाठी या माणसांना उभे आयुष्य खर्ची घालावे लागले.

या क्षमायाचनेमागे पाच वर्षांची चौकशी होती. ज्युलिया गिलार्ड यांच्या सरकारने जानेवारी २०१३ मध्ये न्यायमूर्ती पीटर मॅक्लेलन यांच्या अध्यक्षतेखाली एक राजआयोग नेमला. त्याने ५७ प्रकरणांची जाहीर सुनावणी केली, आठ हजारांवर पीडितांचे म्हणणे खाजगीत ऐकून घेतले, अडीच हजारांहून अधिक प्रकरणे पोलिसांकडे व अन्य अधिकाऱ्यांकडे सोपविली आणि डिसेंबर २०१७ मध्ये १७ खंडांचा अहवाल सादर केला. आयोगासमोर खाजगीत बोललेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांवरील अत्याचार धार्मिक संस्थांत घडलेले होते. अत्याचार झाल्यापासून तो कोणाला तरी सांगण्याचे धैर्य एकवटेपर्यंत या माणसांना सरासरी सुमारे २४ वर्षे लागली होती, हेही या चौकशीत निष्पन्न झाले.

दुष्प्रवृत्त माणसे सर्वत्र असतात. ती घरात असतात, शाळेत असतात, क्रीडासंघात असतात. तशी ती देवळात किंवा चर्चमध्येही शिरली, एवढ्यावरून कोणत्याही धर्माला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे कारण नाही. धर्मसंस्थेची कसोटी निराळ्याच ठिकाणी लागते. मुलाने तोंड उघडले, आईने कैफियत मांडली, एखाद्या सेवेकऱ्याने डोळ्यांनी पाहिलेले सांगितले; त्यानंतरच्या दिवसांत त्या संस्थेने काय केले? बहुतेक ठिकाणी या प्रश्नाचे जे उत्तर मिळाले ते शरमेने मान खाली घालावयास लावणारे आहे, आणि त्याचा विचार भारतातील सर्वच धर्मसंस्थांनी करावयास हवा.

बदलीचे शस्त्र

व्हिक्टोरिया राज्यातील बॅलराट हे धर्मक्षेत्र या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. तेथील जेराल्ड रिड्सडेल या धर्मगुरूविषयी तक्रारी येत राहिल्या, आणि प्रत्येक वेळी वरिष्ठांना एकच उपाय सुचला, तो म्हणजे बदलीचा. एका गावातून त्याला उचलावे आणि दुसऱ्या गावात नेमावे. नव्या गावच्या आईबापांना त्याच्या पूर्वेतिहासाचा पत्ता नसे. ते भाबडेपणाने आपली मुले त्याच्या हाती सोपवीत. १९९३ मध्ये त्याला पहिली शिक्षा झाली. त्यानंतर एकामागून एक खटले उभे राहिले आणि २०२५ मध्ये तो तुरुंगातच मरण पावला. ज्या दिवशी पहिली तक्रार आली त्या दिवशी एखाद्या वरिष्ठाने पोलीसठाण्याची पायरी चढली असती, तर पुढची कितीतरी बालपणे वाचली असती.

बदलीचे हे शस्त्र देशाच्या सीमाही ओलांडते. इंग्लंडमध्ये जॉन स्मिथ नावाचा एक नामांकित बॅरिस्टर ख्रिस्ती मुलांच्या उन्हाळी शिबिरांशी निगडित होता. मुलांना पापाची जाणीव करून देण्याच्या नावाखाली तो त्यांना अमानुष फटके मारीत असे. १९८२ मध्ये शिबिरे चालविणाऱ्या मंडळींनी त्याची अंतर्गत चौकशी करून अहवाल सिद्ध केला. परंतु तो मोजक्या हातांतच फिरला, पोलिसांपर्यंत गेला नाही. स्मिथला देश सोडण्यास उत्तेजन मिळाले. १९८४ मध्ये तो झिंबाब्वेत गेला आणि तेथे त्याने पुन्हा मुलांची शिबिरे सुरू केली. २०१८ मध्ये त्याला मृत्यू आला तेव्हा त्याच्यावर इंग्लंडमध्ये खटलाही उभा राहिलेला नव्हता. त्याने छळलेल्या मुलांची संख्या शंभरावर जाते. या प्रकरणाचा स्वतंत्र अहवाल नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०१३ मध्ये माहिती मिळूनही पुरेसा पाठपुरावा न केल्याचा ठपका आल्यावर कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांना पद सोडावे लागले. अँग्लिकन पंथाच्या सर्वोच्च धर्मगुरूवर अशी पाळी यावी, हे लहानसहान नव्हे. परंतु झिंबाब्वेतील त्या मुलांना या राजीनाम्याने काय मिळाले, हाही प्रश्न उरतोच.

बॉस्टनमध्ये २००२ साली वृत्तपत्राने जे उघडकीस आणले, आयर्लंडमध्ये २००९ च्या दोन सरकारी चौकश्यांनी जे मांडले, फ्रान्समध्ये २०२१ च्या स्वतंत्र आयोगाने जे सांगितले, त्या सर्वांचा मथितार्थ एकच आहे. डब्लिनविषयीच्या अहवालाने तर धर्माधिकाऱ्यांच्या चिंतांची क्रमवारीच लावून दाखविली: गुप्तता राखणे, गवगवा टाळणे, चर्चची प्रतिष्ठा जपणे आणि मालमत्ता सांभाळणे. मुलांचे हित या साऱ्यानंतर येत होते. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण व्यवहारात शहाणपणाची असेल; परंतु त्या मुठीत एखादे मूल चिरडले जात असेल तर तिची किंमत कवडीचीही राहत नाही. फ्रेंच आयोगाने १९५० नंतरच्या सत्तर वर्षांत धर्मगुरूंकडून अत्याचार सोसलेल्या मुलांची संख्या सुमारे २ लाख १६ हजार असावी, असा अंदाज दिला. एवढी मोठी संख्या मूठभर विकृतांच्या बळावर साधत नाही. तिला असंख्य सज्जनांचे मौन लागते.

श्रद्धेच्याच शब्दांचा आडोसा

हे सज्जन गप्प का बसतात? त्यांच्यापैकी बहुतेक जण ढोंगी नसतात. त्यांच्या धर्मानेच शिकविलेली काही मूल्ये अशा वेळी त्यांच्या हातांत बेड्या घालतात. ऑस्ट्रेलियन आयोगापुढील सुनावण्यांत हे वारंवार दिसून आले.

जेहोवाज विटनेसेस या पंथाचे उदाहरण घ्या. दोन साक्षीदारांखेरीज दोष सिद्ध होत नाही, हा बायबलमधील नियम हा पंथ अक्षरशः पाळतो. बाजारात झालेल्या भांडणाला दोन साक्षीदार मिळतील. बंद दाराआड एका मुलीवर झालेल्या अत्याचाराला दुसरा साक्षीदार कोठून आणावयाचा? पंथाच्या ऑस्ट्रेलियातील स्वतःच्याच कागदपत्रांत १९५० पासून १,००६ संशयितांची नोंद होती, आणि त्यांपैकी एकाचेही नाव पंथाने पोलिसांना कळविलेले नव्हते, हे २०१५ च्या सुनावणीत बाहेर आले. नोंद ठेवण्याइतकी दक्षता होती; ती नोंद योग्य ठिकाणी पोचविण्याइतकी नव्हती. तक्रार ऐकणारे व तिचा निवाडा करणारे वडीलधारी सर्व पुरुषच असत आणि पीडित मुलीला या पुरुषमंडळापुढे अत्याचाराचा तपशील सांगावा लागे.

मेलबर्न व सिडनी येथील कर्मठ ज्यू समाजांच्या येशिवा या शिक्षणकेंद्रांची चौकशी झाली तेव्हा निराळेच बंधन पुढे आले. स्वधर्मीयाला परक्या राजसत्तेच्या हवाली करू नये, असा एक जुना संकेत ज्यू परंपरेत आहे. ज्या काळी परकी राजसत्ता ज्यूंच्या जिवावर उठलेली असे त्या काळी तो समाजाच्या रक्षणासाठी आवश्यकच होता. परंतु कायद्याचे राज्य असलेल्या देशात तोच संकेत मुलांवरील अत्याचार करणाऱ्याची ढाल बनला. ज्या कुटुंबाने जाहीर तक्रार केली त्याच्याकडे समाजाने पाठ फिरविली, आणि गुन्हेगारापेक्षा फिर्यादीच चुगलखोर ठरला.

न्यू साउथ वेल्समधील मँग्रोव्ह माउंटन येथील सत्यानंद योगाश्रमाची हकीकत भारतीयांना अधिक जवळची वाटेल. बिहारमधील मुंगेर येथील योगपरंपरेची ही शाखा १९७४ मध्ये सुरू झाली. तेथे मुले आईवडिलांपासून वेगळी राहत. आश्रमप्रमुख स्वामीची आज्ञा हीच सर्वांची इच्छा, असे वातावरण होते. सत्तर व ऐंशीच्या दशकांत त्या मुलांवर झालेल्या अत्याचारांची साक्ष डिसेंबर २०१४ मध्ये प्रौढ झालेल्या मुलांनी आयोगापुढे दिली. समर्पण हा भक्तिमार्गाचा प्राण मानला गेला आहे; परंतु समर्पण प्रौढ माणसाने स्वतःच्या देहमनाचे करावयाचे असते. स्वतःच्या मुलाचे समर्पण करण्याचा अधिकार कोणत्याही आईबापाला नाही आणि ते स्वीकारण्याचा अधिकार कोणत्याही गुरूला नाही.

क्षमेच्या तत्त्वाचेही असेच होते. पश्चात्तापदग्ध माणसाला क्षमा करावी, हे जवळजवळ सर्व धर्म सांगतात. मात्र क्षमा करण्याचा अधिकार ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा आहे. मंडळींनी परस्पर क्षमा करून टाकावी आणि मुलाने मोठ्या मनाने ते स्वीकारावे, अशी अपेक्षा धरणे म्हणजे त्याच्यावर दुसरा अत्याचार करणे होय. शिवाय क्षमा केली म्हणून शिक्षा टळत नाही, आणि विश्वास तर आपोआप परत येतच नाही. पश्चात्ताप खरा असेल तर तो पोलिसांसमोरही खराच राहील.

आक्षेपांचा विचार

यावर काही आक्षेप घेतले जातात. त्यांचा विचार न करता पुढे जाणे योग्य होणार नाही.

पहिला आक्षेप खोट्या आरोपांचा. एखाद्या निष्कलंक धर्मगुरूवर सूडबुद्धीने किटाळ आले तर त्याच्या आयुष्याची राखरांगोळी होते, ही भीती निराधार नाही. ऑस्ट्रेलियातील कार्डिनल जॉर्ज पेल यांना २०१८ मध्ये ज्यूरीने दोषी ठरविले. ते वर्षभराहून अधिक काळ तुरुंगात राहिले. आणि एप्रिल २०२० मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सातही न्यायाधीशांच्या एकमताने ती शिक्षा रद्द केली. परंतु या उदाहरणाचा बोध नीट घ्यावयास हवा. पेल यांची सुटका न्यायालयाने पुरावा तोलून केली. त्यांच्या धर्मबांधवांच्या एखाद्या बैठकीने त्यांना निर्दोष ठरविले असते तर त्या निर्दोषत्वावर जगाने विश्वास ठेवला नसता. खोटा आरोप झालेल्या माणसालाही निःपक्षपाती तपासाचीच गरज असते. बंद खोलीतल्या चौकशीत दोषी सुटतो आणि निर्दोषावरचा संशयही तसाच चिकटून राहतो.

दुसरा आक्षेप पापकबुलीच्या गुप्ततेचा. कॅथॉलिक पंथात धर्मगुरूपुढे दिलेली कबुली सर्वथा गुप्त मानली जाते. राजआयोगाने ही सवलत बालकांवरील अत्याचारांपुरती नाकारावी, अशी शिफारस केली. व्हिक्टोरिया, क्वीन्सलँड यांसारख्या राज्यांनी तसे कायदे केले आणि बिशपांनी त्यांना विरोध केला. या वादातील धर्मश्रद्धेचा भाग प्रामाणिक आहे, हे मान्य करावयास हवे. तथापि अनेक धर्मक्षेत्रांत जे दडपले गेले ते प्रामुख्याने आईबापांच्या पत्रांतून, वरिष्ठांच्या बैठकींतून, कार्यालयातील दप्तरांतून आधीच ठाऊक झालेले होते. कबुलीच्या गुप्ततेचा प्रश्न अवघड असला तरी त्याच्या आड उरलेल्या सर्व मौनाला लपविता येणार नाही. भारतात तर साक्षीच्या कायद्याने वकील आणि अशील यांच्यातील संभाषणाला संरक्षण दिले आहे. धर्मगुरूपुढील कबुलीला तसे संरक्षण कधीच दिलेले नाही.

तिसरा आक्षेप असा, की अशा चर्चेचा उपयोग एखाद्या विशिष्ट धर्मावर तोंडसुख घेण्यासाठी होतो. तो होतो, यात शंका नाही. परधर्मातील प्रकरण उघडकीस आले की ज्यांना मुलांची कणव येते आणि स्वधर्मातील प्रकरण आले की ज्यांना कारस्थानाचा वास येतो, अशांची सर्वत्र रेलचेल आहे. यावर उतारा एकच आहे, तो म्हणजे सर्वांना एकच नियम. इंग्लंड व वेल्स येथील चौकशी आयोगाने ३८ धार्मिक संस्था-संघटनांची पाहणी करून २०२१ मध्ये अहवाल दिला. त्यांत ख्रिस्ती पंथांबरोबर मुस्लिम, ज्यू, हिंदू, शीख आणि बौद्ध संस्थाही होत्या. दोष सर्वत्र कमी-अधिक प्रमाणात सापडले आणि त्यांचे स्वरूपही सारखेच होते. मुलाचे दुःख कोणत्याही धर्माच्या कक्षेत मावत नाही.

आपल्याकडील स्थिती

भारतात याबाबतीत कायदा दुबळा नाही. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा, ‘पोक्सो’ या नावाने परिचित असलेला कायदा १४ नोव्हेंबर २०१२ रोजी अंमलात आला. धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातील अथवा सेवेतील व्यक्तीने तेथील बालकावर केलेला अत्याचार हा या कायद्याने अधिक गंभीर गुन्हा मानला आहे. एकोणिसाव्या कलमानुसार असा गुन्हा घडल्याचे ज्याला ठाऊक आहे, किंवा घडण्याची ज्याला धास्ती वाटते, अशा प्रत्येक माणसाने पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडविणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. सद्भावनेने माहिती देणाऱ्याला संरक्षण आहे, हेतुपुरस्सर खोटी फिर्याद करणाऱ्या प्रौढाला शिक्षा आहे. मात्र मुलाला त्यासाठी कधीही शिक्षा करता येत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील एका वसतिगृहात आदिवासी मुलींवर झालेल्या अत्याचारांच्या प्रकरणात, समजूनही न कळविणे हा गंभीर गुन्हा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये निःसंदिग्धपणे बजावले.

म्हणजे कागदावर सारे आहे. प्रश्न श्रद्धेने बांधलेल्या समाजमनाचा आहे. आसाराम या कथित संताला एप्रिल २०१८ मध्ये जोधपूरच्या न्यायालयाने जन्मठेप दिली, ती त्याच्याच गुरुकुलात शिकणाऱ्या एका अल्पवयीन मुलीवरील अत्याचाराबद्दल. मुलीचे आईवडील स्वतः त्याचे निस्सीम भक्त होते. खटला चालू असता साक्षीदारांवर हल्ले झाले. काहींना प्राणास मुकावे लागले. केरळातील एका धर्मगुरूच्या खटल्यात आरंभी मुलीच्या बापानेच दोष आपल्या माथी घ्यावा, असा प्रयत्न झाला. पुढे मुलीनेही साक्ष फिरविली आणि वैद्यकीय चाचणीच्या पुराव्यावर न्यायालयाला निकाल द्यावा लागला. मुंबईच्या एका उपनगरातील धर्मगुरूला एका किशोरवयीन मुलावर २०१५ मध्ये केलेल्या अत्याचाराबद्दल २०२१ मध्ये जन्मठेपेची शिक्षा सुनावण्यात आली. ही तिन्ही प्रकरणे न्यायालयापर्यंत पोचली, हे त्यांतील दिलासा देणारे अंग. न पोचलेल्यांची मोजदाद कोण करणार?

महाराष्ट्रात देवस्थाने, मठ, मदरसे, मिशनची वसतिगृहे, विहारांतील शिबिरे यांचे जाळे मोठे आहे. आळंदीसारख्या ठिकाणी वारकरी शिक्षण घेण्यासाठी कितीतरी मुले घरापासून दूर, खाजगी संस्थांतून राहतात. बहुतेक ठिकाणी ती प्रेमाने वाढविली जात असतील. परंतु जेथे मूल रात्री निजते, जेथे गुरुजींचा शब्द अखेरचा असतो आणि जेथे आईबाप सणासुदीलाच येतात, तेथे बाहेरच्या माणसाची नजर नियमितपणे पडावयास हवी. अशा नजरेचा राग येणारी संस्था स्वतःविषयीच शंका निर्माण करते. गोव्यातील जनतेला हे निराळे सांगावयास नको. अनाथ मुलांचा पालनकर्ता म्हणून मिरविणाऱ्या एका इसमाने तेथे काय केले ते १९९१ मध्ये उघडकीस आले आणि १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. कुंपणच शेत खात असेल तर राखणदारावरही राखण हवी, हे त्या राज्याला फार मोठी किंमत मोजून कळले.

आपल्याकडे आणखी एक भय असते, ते म्हणजे बहिष्काराचे. तक्रार करणाऱ्या कुटुंबाला समाजाच्या कार्यात बोलावू नये, त्याच्या घरी लग्नाला जाऊ नये, स्मशानातही खांदा देऊ नये, असे फतवे निघतात. या संदर्भात महाराष्ट्राने देशाला वाट दाखविली आहे. सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरविणारा कायदा या राज्याने २०१६ मध्ये केला आणि २०१७ मध्ये तो अंमलात आला. जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध झगडलेल्या कार्यकर्त्यांचे ते यश होते. मुलासाठी न्याय मागणाऱ्या आईला वाळीत टाकणाऱ्या धर्ममंडळींनाही तो कायदा लागू पडतो, याची जाणीव त्यांना करून द्यावयास हवी.

करावयाचे काय?

तेव्हा तक्रार येताच धर्ममंडळींनी काय करावे? याचे उत्तर मुळीच गूढ नाही. मूल बोलते तेव्हा ते शांतपणे ऐकून घ्यावे. त्याला खोदून खोदून विचारू नये, आणि तेच ते चार जणांपुढे वदवून घेऊ नये. त्याचेच शब्द लिहून ठेवावेत व पोलिसांना त्याच दिवशी कळवावे. १०९८ हा बालकांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक प्रत्येक मंदिराच्या, मशिदीच्या व चर्चच्या फलकावर असावा. मुलाला आरोपीसमोर उभे करून ‘समोरासमोर होऊन जाऊ द्या’ म्हणणे हा घोर अपराध समजावा. आपापसांत तोड काढणे, पैसे देऊन गप्प करणे, लग्न जुळवून देणे, या वाटा सर्वथा बंद असाव्यात. तपास करणे हे विश्वस्तांचे काम नव्हे. पोलिसांच्या आधी आरोपीला सावध करणे म्हणजे तर पुरावा नष्ट करण्यास त्याला अवसर देणे.

आरोपीला मुलांशी संबंध येईल अशा सर्व कामांतून तत्काळ दूर करावे. ही शिक्षा नव्हे, खबरदारी आहे, आणि ती तशीच जाहीर करावी. त्याला वकील मिळावा, त्याच्या कुटुंबाची आबाळ होऊ नये, हेही मंडळींनी पाहावे. मात्र व्यासपीठावरून, कीर्तनातून किंवा प्रवचनातून त्याच्या थोरवीचे गोडवे गाऊ नयेत. कारण श्रोत्यांत ते मूल बसलेले असते. पुढे शिक्षा भोगून तो परत आला आणि त्याला प्रार्थनेला यावयाचे असले, तर देवाचे दार त्याला बंद करू नये. परंतु कोणाच्या देखरेखीखाली, कोणत्या वेळी, कोणत्या जागी बसावे याचे लेखी बंधन त्याच्यावर असावे. पाप्याला आश्रय देणे आणि त्याच्या हाती पुन्हा मुले देणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

तिसरी गोष्ट तक्रार येण्यापूर्वीची आहे. सेवेकरी, शिक्षक व पूजक नेमताना त्यांचा पूर्वेतिहास पाहणे, कोणाही प्रौढाने मुलासोबत बंद खोलीत एकटे राहू नये असा दंडक घालणे, तक्रार ऐकणाऱ्यांत स्त्रिया व संस्थेबाहेरच्या व्यक्ती असणे, या गोष्टींना फारसा खर्चही येत नाही. महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यास धर्मादाय आयुक्तांच्या अधिकारकक्षेत येतात. दरवर्षी हिशेबाची पत्रके मागणाऱ्या या यंत्रणेने ज्या न्यासांकडे मुले राहतात वा शिकतात, त्यांच्याकडून बालसुरक्षेच्या व्यवस्थेचे प्रतिवृत्तही मागावे. दानपेटीतील रुपयाचा जाब द्यावा लागत असेल तर आवारात निजणाऱ्या मुलाचाही द्यावा लागला पाहिजे.

चौथी गोष्ट भरपाईची. ऑस्ट्रेलियात एका पीडिताने दावा दाखल केला तेव्हा चर्चची मालमत्ता सांभाळणाऱ्या न्यासाला त्यासाठी जबाबदार धरता येत नाही, असा निकाल २००७ मध्ये लागला आणि तो पुढे कितीतरी पीडितांच्या वाटेत आडवा आला. दावा लावावयाचा तरी कोणावर, अशी त्यांची स्थिती झाली. कायदा बदलण्यास आणि राष्ट्रीय भरपाई योजना सुरू होण्यास २०१८ साल उजाडावे लागले. संस्थेने न्यायालयात तांत्रिक मुद्द्यांचा किल्ला लढवावा आणि वेदीवरून करुणेचा उपदेश करावा, हे एकाच वेळी शोभत नाही.

स्वतःहून आरसा पाहण्याचीही उदाहरणे आहेत. आंतरराष्ट्रीय कृष्णभावनामृत संघाच्या गुरुकुलांत सत्तर व ऐंशीच्या दशकांत मुलांची जी दुर्दशा झाली, तिच्यावरचा एका समाजशास्त्रज्ञाचा निबंध त्या संघाच्याच नियतकालिकाने १९९८ मध्ये छापला आणि त्याच वर्षी बालसंरक्षणासाठी स्वतंत्र कार्यालय उघडण्यात आले. त्यामुळे संघ पुढील दाव्यांतून आणि टीकेतून सुटला नाही, आणि सुटावयासही नको होता. परंतु आपल्या दोषाची वाच्यता आपल्याच कागदावर करता येते आणि तरीही संस्था टिकते, एवढे त्यातून सिद्ध झाले.

पोलीसयंत्रणेवर विश्वास कसा ठेवावा, असे यावर कोणी म्हणेल. खटले रेंगाळतात, मुलाला वारंवार न्यायालयात यावे लागते, शेजारीपाजारी कुजबुजतात, हे सारे खरे आहे. एका वर्षात खटला संपवावा, असे कायदा म्हणतो. ते शक्यतोवर होत नाही. परंतु धर्ममंडळींनी आपले बळ वापरावयाचे असेल तर ते येथे वापरावे. त्या मुलाला न्यायालयापर्यंत नेण्यास गाडी द्यावी, आईची मजुरी बुडाली तर ती भरून द्यावी, साक्षीच्या दिवशी त्याच्या मागे चार वजनदार माणसे उभी राहावीत. आजवर ही माणसे बहुधा आरोपीच्या मागे उभी राहिलेली दिसली.

महाराष्ट्राच्या संतांनी दांभिक बुवाबाजीवर कोरडे ओढले ते परक्यांनी लिहिलेल्या ग्रंथांच्या आधारे नव्हे. ते स्वतः भक्त होते, आणि म्हणूनच भक्तीच्या नावाने चाललेला व्यभिचार त्यांना सहन झाला नाही. धर्मावर ज्यांचे खरे प्रेम आहे त्यांनी ही परंपरा आपली मानावी. मुलाने सांगितलेल्या एका वाक्याने जी प्रतिष्ठा ढासळते ती मुळातच पोकळ होती, असे म्हणावे लागेल. आणि ते वाक्य ऐकून घेण्याचे धैर्य ज्या देवळात, मशिदीत, चर्चमध्ये किंवा विहारात असेल, तेथे कोणतीही आई आपले मूल निःशंकपणे पाठवू शकेल.